आपण हरीण नाही, नदीतला माणूस आहोत



माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतो. "धंद्यात ज्यांना मित्राने, नातेवाइकाने किंवा पार्टनरने फसवलंय, त्यांनी हात वर करा." बॅच मुलुंडला असो की अंधेरीला, चाळीस जणांत पंधरा-वीस हात सहज वर जातात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो. "आता ज्यांनी स्वतः कोणाला तरी फसवलंय, त्यांनी हात वर करा." हॉल गप्प. कोणीतरी हसतं. हात मात्र एकही नाही.

आता तुम्हीच हिशोब करा. फसलेले वीस आणि फसवणारा शून्य. हा जमाखर्च जुळतो का? नाही जुळत. म्हणजे कुठेतरी नोंद राहून गेलीय. आज त्या राहिलेल्या नोंदीबद्दल बोलायचंय.

माकडाची गोष्ट आपल्याला अर्धंच शिकवते

मित्राच्या दगाबाजीची गोष्ट म्हटलं की आपल्याला माकड आणि मगर आठवते. नदीकाठी जांभळाचं झाड, त्यावर माकड. ते रोज मगरीला जांभळं देतं. मगर घरी घेऊन जाते. एक दिवस घरून हट्ट होतो की एवढी गोड जांभळं रोज खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! मगर माकडाला पाठीवर बसवून निघते आणि मध्यावर खरं सांगून टाकते. माकड म्हणतं, "अगं, काळीज तर झाडावरच राहिलं!" आणि वाचतं.

पंचतंत्रात ही गोष्ट चौथ्या तंत्रात येते. त्या तंत्राचं नाव 'लब्धप्रणाश', म्हणजे मिळालेलं हातातून जाणं. हे नाव धंदेवाइकाने लक्षात ठेवावं असं आहे. मगरीला रोजची जांभळं फुकट मिळत होती. तिने एका दिवसाच्या मोठ्या घासासाठी ती कायमची घालवली. महिन्याला नियमित काम देणारा माणूस एका सौद्यात गमावणं यापेक्षा वेगळं काय असतं?

पण या गोष्टीने आपलं एक नुकसान केलंय. ती ऐकून प्रत्येक मूल माकड होतं. आपण हुशार, आपण वाचलो, समोरचा मूर्ख. मगर व्हायला कोणीच तयार नसतं.

म्हणून मी बॅचमध्ये दुसरी गोष्ट सांगतो. ही कमी लोकांना माहीत असते. आणि यातला दगा देणारा जनावर नाही, व्यापाऱ्याचा मुलगा आहे.

कर्जात बुडालेला माणूस आणि सोनेरी हरीण

ही रुरू हरणाची जातककथा. फार जुनी आहे. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावर ती दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोरली गेली. तो दगड आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकात ती भिंतीवर रंगवली गेली.

गोष्ट अशी. वाराणसीच्या एका गडगंज व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा. "शिकून दमेल बिचारा" म्हणून आईबापांनी त्याला काहीच शिकवलं नाही. ते गेल्यावर त्याने सगळी इस्टेट उडवली, मग कर्ज काढलं, मग कर्ज फेडायला कर्ज. सावकार दारात बसले. तेव्हा तो म्हणाला, "आपापले कागद घेऊन गंगेवर चला. तिथे आमचं पुरलेलं धन आहे, सगळ्यांचं फेडतो." तिथे गेला आणि नदीत उडी मारली.

पण मरायला जमलं नाही. प्रवाहात सापडल्यावर वाचवा वाचवा म्हणून ओरडू लागला. काठाच्या रानात एक सोनेरी हरीण राहायचं. मध्यरात्री त्याने तो आवाज ऐकला. पाण्यात उतरून माणसाला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, फळं खायला दिली, दोन-चार दिवस सांभाळलं आणि वाराणसीच्या वाटेला लावलं. बदल्यात एकच गोष्ट मागितली. "मी कुठे राहतो ते कोणाला सांगू नकोस. कोणी पैशाचं आमिष दाखवलं तरी नको." माणसाने शब्द दिला.

इकडे राणीला स्वप्नात सोनेरी हरीण दिसलं. राजाने दवंडी पिटली की असं हरीण दाखवेल त्याला हजार मोहरा, गाव आणि वर बरंच काही. आपला माणूस नेमका तेव्हाच शहरात पोचला. दवंडी ऐकली. आणि राजाला घेऊन थेट त्या रानात.

राजा धनुष्य घेऊन समोर आला तेव्हा हरणाने त्याला एकच विचारलं, माझा पत्ता कोणी दिला? माणूस पुढे उभाच होता. हरीण म्हणालं, पुरातून वाहत आलेला ओंडका बाहेर काढावा, पण काही माणसं काढू नयेत. राजाला सगळं कळल्यावर तो त्या माणसालाच मारायला निघाला. आणि इथे हरीण काय म्हणालं? "त्याला मारू नका. घरी जाऊ द्या. आणि हो, कबूल केलेलं बक्षीसही द्या."

तो माणूस लबाड नव्हता

आता थांबा आणि नीट विचार करा. त्या माणसाने नदीकाठी शब्द दिला तेव्हा तो खोटं बोलत होता का?

मला नाही वाटत. ओल्या कपड्यात थरथरत उभा असलेला माणूस खोटा शब्द देत नाही. मनापासूनच देतो. तेव्हा बक्षीस जाहीर झालेलंच नव्हतं. शब्द मोडायला कारणच नव्हतं.

दगा हा असाच होतो मित्रांनो. ठरवून कमी, दवंडी ऐकल्यावर जास्त. आपली नियत चांगली आहे याची खात्री आपल्याला असते, कारण अजून कोणी तिची किंमत लावलेली नसते. ज्या दिवशी कोणी लावतं त्या दिवशी कळतं.

आणि तेव्हा आपण त्याला दगा म्हणतही नाही. आपण त्याला 'संधी' म्हणतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझा हात

माझी नोकरी गेली तेव्हा मी घाटकोपरला भटवाडीत राहायचो. मेट्रो तेव्हा यायची होती. रोज बसने साकीनाक्याला जायचो, तिथे माझ्या एका मित्राचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा होता. त्याने मला त्यातलं एक टेबल दिलं. भाडं नाही, डिपॉझिट नाही. शाईवाल्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "याला माल द्या, जबाबदारी माझी." माझी स्वतःची पत तेव्हा शून्य होती. त्याच्या शब्दावर मला महिन्याची उधारी मिळाली.

त्याने मागितलं एकच. "माझ्या पार्ट्यांना परस्पर रेट देऊ नकोस. बाकी सगळं तुझं." मी म्हणालो, "वेडा आहेस का? असं कधी करेन का?" आणि मनापासून म्हणालो.

आठ महिन्यांनी त्याच्या मोठ्या पार्टीचा माल बघणारा माणूस खाली टपरीवर भेटला. चहा पिता पिता म्हणाला, "पाच हजार पिशव्या आहेत. तुम्ही डायरेक्ट घेतल्या तर काय रेट?" मला त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती. मी नगामागे चाळीस पैसे कमी सांगितले. मिळाली ऑर्डर.

रात्री झोप नीट लागली का? लागली. मी स्वतःला समजावलं होतं की पार्टीच माझ्याकडे आली, मी थोडाच गेलो होतो.

पंधरा दिवसांत मित्राला कळलं. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. तो भांडला नाही. म्हणाला, "ऑर्डर नीट पूर्ण कर. पार्टी चांगली आहे, पेमेंट वेळेवर देते. फक्त रंग दोनदा मार, त्यांना फिका चालत नाही."

त्या महिन्याअखेर मी टेबल सोडलं. शाईवाल्याने उधारी बंद केली, कारण ती माझी नव्हतीच, मित्राच्या शब्दाची होती. आणि ती पार्टी? अकरा महिन्यांनी वीस पैसे कमी घेणारा तिसरा माणूस भेटला, त्याच्याकडे गेली. जी रेटसाठी आली ती रेटसाठीच गेली.

माफी मागायला मी सहा वर्षांनी गेलो. त्याने चहा पाजला, मुलांची चौकशी केली. मैत्री मात्र परत आली नाही. हरणाची गोष्ट मला त्यानंतर भेटली आणि शेवटचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. "कबूल केलेलं बक्षीसही द्या." मला ते बक्षीस मिळालं होतं.

"सर, धंदा म्हणजे धंदा"

हे ऐकून एखादा पोरगा हमखास म्हणतो, "सर, कस्टमर काय कोणाच्या मालकीचा असतो का? मार्केट ओपन आहे."

बरोबर आहे. गिऱ्हाईक कोणाच्या मालकीचं नसतं. बोरिवलीत एका सोसायटीत दोन डबेवाल्या ताई असतील तर ज्याला जिचा स्वयंपाक आवडेल तो तिच्याकडे जाईल. ती स्पर्धा आहे आणि ती हवीच. मित्र असला म्हणून त्याच्या धंद्यात कोणी पाऊलच टाकू नये असं मी म्हणत नाही.

मग फरक कुठे? मी एक साधी कसोटी वापरतो. जे करणार आहात ते त्या माणसाला आधी सांगू शकता का? सांगून करता येत असेल तर ती स्पर्धा. लपवून करावं लागत असेल तर तो दगा.

पार्लरमध्ये तीन वर्षं काम शिकलेली मुलगी मालकिणीला म्हणते, "ताई, मी पुढच्या महिन्यात माझं स्वतःचं काढतेय." ही स्पर्धा. तीच मुलगी रजिस्टरमधले नंबर मोबाइलमध्ये उतरवून रविवारी सगळ्यांना मेसेज करते. हा दगा. दोन्हीकडे ती पार्लरच काढतेय. पहिल्या वाटेवर ती दुकानाच्या उद्घाटनाला ताईंना बोलावू शकते. दुसऱ्या वाटेवर ती त्या रस्त्याने जायचंच टाळते.

त्या दिवशी टपरीवर मी एवढंच म्हणायला हवं होतं, "साहेब, ही त्याची पार्टी आहे, त्याच्याशी बोलून सांगतो." कदाचित तो म्हणाला असता, "घे, आपण दोघं मिळून करू." कदाचित नाही म्हणाला असता. दोन्हीत माझं टेबल शाबूत राहिलं असतं.

हरणाने काय चुकवलं?

आता दुसरी बाजू. तुमच्यातले काही जण खरंच हरीण असतील. मेहुण्याला भांडवल दिलं, जुन्या सहकाऱ्याला गाळ्यात जागा दिली, आणि पस्तावलात. तुम्ही मदत केली यात काही चुकलं नाही. पण हरणाने आपला सगळा जीव एका तोंडी शब्दावर ठेवला. ते जंगलातलं होतं, त्याला इलाज नव्हता. तुम्ही मुंबईत आहात. तुम्हाला कागद मिळतो.

"सर, मित्राकडे कागद कसा मागायचा? त्याला वाईट वाटेल." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. यावर माझं उत्तर बोरिवलीतच आहे. नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या लेण्यांत कधी शिलालेख बघितलेत? कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वी भिक्षूंना दिलेली दानं तिथे कोरलेली आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी गुंफा, कोणी कायमची ठेव. एका लेखात मंगलठाण गावातलं शेत दान दिल्याची नोंद आहे. अभ्यासक म्हणतात, हे मंगलठाण म्हणजे आपलं मागाठाणे, जिथे आज मेट्रोचं स्टेशन आहे.

म्हणजे बघा, ते दान होतं. परत काहीच मागायचं नव्हतं. तरी कोणी दिलं, काय दिलं, उत्पन्न कशासाठी वापरायचं, हे दगडावर लिहिलं. त्यात कोणाचा अपमान झाला नाही. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. दवंडी ऐकल्यानंतरच्या आपल्यासाठी आजच्या आपण ठेवलेली ती आठवण आहे.

तेव्हा हे करा.

पार्टनरशिप असेल तर करारनामा करा आणि फर्मची नोंदणी करा. भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यात कलम ९ सांगतं की भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिक राहायचं आणि खरा हिशोब द्यायचा. कलम १६ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर फर्मच्या व्यवहारातून किंवा फर्मच्या नावावर एकट्याने केलेला फायदा फर्मला परत द्यावा लागतो. पण फर्मची नोंदणीच नसेल तर कलम ६९ आडवं येतं. करारातल्या हक्कासाठी पार्टनरवर दावा करता येत नाही, फर्म मोडून हिशोब मागणं एवढंच उरतं. आणि वाटा किती हे लिहिलंच नसेल तर कायदा नफा-तोटा समसमान धरतो. तुमचे आठ लाख आणि त्याचे दोन लाख, तरीही.

हातउसने दिले असतील तर बँकेतून द्या. वीस हजार आणि त्यावरचं कर्ज रोखीत घेणं आयकराच्या नियमात बसत नाही. एका साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि परतीचा हप्ता लिहून दोघांच्या सह्या घ्या. असं कर्ज वसूल करायला साधारण ३ वर्षांत दावा करावा लागतो, त्या मुदतीत लेखी कबुली मिळाली तर मुदत तिथून पुन्हा मोजतात. "देईल रे, आपलाच आहे" म्हणत चार वर्षं काढलीत तर पैसेही जातात आणि माणूसही.

जागा, मशीन किंवा ओळख दिली असेल तर निदान व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका. "ठरल्याप्रमाणे टेबल मार्चपर्यंत वापर. माझ्या या तीन पार्ट्यांशी व्यवहार माझ्यामार्फत." एवढंच. माझ्या मित्राने असा मेसेज ठेवला असता तर टपरीवर माझी जीभ अडखळली असती, असं मला वाटतं.

पण कागदाची मर्यादाही सांगतो. "तू आयुष्यात पुन्हा हा धंदा करणार नाहीस" असं कोणाकडून लिहून घेतलंत तर ते सहसा टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशी बंधनं, थोडे अपवाद सोडले तर, मानत नाही. म्हणजे काही जागा अशा राहतातच जिथे कागद पोचत नाही आणि फक्त माणूस उरतो. त्या जागी तुम्ही काय करता, त्यावर साकीनाक्याच्या गाळ्यांत, मुलुंडच्या बाजारात, घाटकोपरच्या घाऊक दुकानांत तुमचं नाव तयार होतं. ही नावं फार लवकर फिरतात. शाईवाल्याने मला काहीच विचारलं नव्हतं. फक्त माल देणं थांबवलं होतं.

आजचा गृहपाठ

धंदा सुरू करताना आपण सगळेच आधी नदीतली माणसं असतो. कोणीतरी काठावर काढलेलं असतं. मामांनी एफडी मोडली असेल, जुन्या शेठने पहिली ऑर्डर दिली असेल, शेजारच्या काकूंनी ओटा वापरायला दिला असेल, बायकोने पाटल्या गहाण ठेवल्या असतील. हरीण व्हायची पाळी नंतर येते, पाच-दहा वर्षांनी, जमलं तर.

म्हणून आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा. उधारीची नाही, नवीन. तीन नावं लिहा, ज्यांनी तुम्हाला पाण्यातून काढलं. प्रत्येक नावासमोर लिहा की त्यांनी काय दिलं आणि तुम्ही काय कबूल केलं होतं. पैसे असतील तर बाकी किती, परत कधी. शब्द असेल तर तो पाळताय का.

एखाद्या नावासमोर पेन थांबेल. थांबू दे. उद्या सकाळी पहिला फोन त्यांनाच करा. ऑर्डरच्या आधी, मटेरियलच्या आधी. सहा वर्षं थांबू नका, मी थांबलो होतो.

आणि पुढच्या बॅचला दुसरा प्रश्न विचारीन तेव्हा एखादा हात वर आला तर लाजू नका. पहिला हात माझाच असेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, सांगून करा.